उसनं पान आणि आपलं पान

(भिलाईतल्या पहिल्या पिढीच्या पदवीधर तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चर्चच्या संस्था अल्पसंख्याक समाजातल्या पदवीधरांना संवाद-माध्यमांच्या कामासाठी फेलोशिप देतात. त्याबद्दल बोलायला मला सांगितलं आहे. तुमच्याकडून मुख्यतः दोन प्रश्न आले. एक, 'आम्ही बौद्ध, आम्हाला अर्ज करता येतो का?' दुसरा, 'केला तर आपली माणसं काय म्हणतील?' पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे, दुसऱ्याचं आपल्या इतिहासात.

आधी कायदा. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा १९९२ चा. त्याखाली १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी हे अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाले. २०१४ मध्ये जैन आले. म्हणजे जाहिरातीत 'अल्पसंख्याक' असं लिहिलं असेल, तर बौद्ध त्यात येतात. 'ख्रिस्ती तरुणांसाठी' असं लिहिलं असेल, तर येत नाहीत. जाहिरात नीट वाचा.

पण आपल्याकडे माणूस एका रकान्यात मावत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला आणि १९९० मध्ये बौद्धांना. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. त्यांच्या प्रश्नावर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. जात तीच, वस्ती तीच, पण प्रार्थना बदलली की दाखला जातो.

भिलाईतल्या मराठी बौद्धांची अडचण आणखी वेगळी. हा कारखाना १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली. त्या काळात विदर्भातून आलेल्या कुटुंबांची नातवंडं आज इथे पदवीधर झाली आहेत. जातीचा दाखला काढायला गेलं की १९५० चा पुरावा मागतात. आजोबा तेव्हा भंडाऱ्याच्या एखाद्या गावात असतील, तर इथे काम अडतं. गंमत अशी की १९५० साली भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजोबांनी राज्य ओलांडलंच नव्हतं. १९५६ मध्ये राज्यांच्या हद्दीच बदलल्या. अशा मुलाला इथे अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही, तेव्हा 'अल्पसंख्याक' हा एकच रकाना हाताशी उरतो.

तो रकानाही आता अरुंद झाला आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. कारण दिलं की इतर योजनांशी ती एकावर एक येते. सरकारी दार बंद झाल्यावर आपल्या मुलांना चर्चच्या दाराची पाटी दिसू लागली, यात नवल नाही.

माध्यमांत आपली गरज आहे का, असं कुणी विचारलं तर दोन आकडे सांगा. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलॉन्ड्रीने निर्णय घेणाऱ्या १२१ जागा तपासल्या. १०६ जागांवर सवर्ण होते, दलित-आदिवासी शून्य. तेरा वर्षांत शून्य शून्यच राहिला.

आता इतिहास. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. ती जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. महार-मांगांच्या दुःखावर तिने लिहिलं. वेद वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असं तिने थेट देवालाच विचारलं. त्या काळी पुण्यातल्या कुठल्या सवर्ण पत्रात हे आलं असतं? पान मिशनचं होतं, पण प्रश्न मुक्ताचा होता. आज तिचा निबंध आपण वाचू शकतो, कारण कुणीतरी तो छापला.

तिथून ३१ जानेवारी १९२० ला या. 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला होता. मुक्ताचा निबंध आणि हा अंक यांच्यात पासष्ट वर्षं आहेत. या पासष्ट वर्षांत आपले लोक रिकामे बसले नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी 'दीनबंधु'त लिहिलं, शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं, नागपुरात किसन फागूजी बनसोड्यांनी एकामागून एक पत्रं काढली. उसन्या पानापासून स्वतःच्या पानापर्यंतची ही चाल आहे. 'लोक काय म्हणतील' याचं उत्तर तीच देते: उसनं पान घ्यायला लाजू नका, पण आयुष्यभर त्यावरच लिहायचं ठरवू नका.

बाबासाहेबांचं शिक्षणही आधी उसन्या पैशावरच झालं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी, असा करार होता. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत होते आणि राहायला जागा मिळत नव्हती. त्यांनी बडोदा सोडलं. शिष्यवृत्ती देणारा महाराजा उदार होता, पण त्याच्या कचेरीत जात बसलेली होती. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

चर्चचंही तसंच आहे. छत्तीसगडात १८६८ मध्ये विश्रामपूरला ऑस्कर लोर यांनी मिशन सुरू केलं. त्यांच्याकडे आले त्यांत सतनामी समाजाची माणसं मोठ्या संख्येने होती. म्हणजे इथला दलित ख्रिस्ती आपला चुलत भाऊच आहे. एकाच वस्तीतून कुणी सतनाम धरला, कुणी ख्रिस्त, कुणी पुढे बुद्ध. पण भारतभरच्या चर्चमध्ये जात गेली नाही. काही ठिकाणी कबरस्तानंही वेगळी राहिली. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या बाजूने धर्मशास्त्र मांडायला हवं असं सांगितलं, तिथून दलित ईश्वरशास्त्राची चर्चा उभी राहिली. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि चर्चमध्ये भेदभाव आहे हे लेखी मान्य केलं. देशातला पहिला दलित कार्डिनल, अँथनी पूला, व्हायला २०२२ साल उजाडलं.

आणि इथली परिस्थिती? २५ जुलै २०२५ ला आपल्या शेजारच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन आणि एका आदिवासी तरुणाला अटक झाली. आरोप मानवी तस्करीचे आणि धर्मांतराचे. सोबत नारायणपूर भागातल्या तीन तरुणी होत्या. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला. त्या आठवड्यात संसदेपासून केरळपर्यंत सगळे बोलले. त्या तीन तरुणी कुठे निघाल्या होत्या, त्यांना काय हवं होतं, हे ऐकणारे थोडे होते. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बस्तरमधल्या एका ख्रिस्ती माणसाच्या दफनाचा निकाल दिला. मुलाला वडिलांना गावात पुरायचं होतं. दोन न्यायाधीशांची मतं वेगळी पडली, आणि शेवटी गावापासून दूर ख्रिस्ती कबरस्तानात दफन झालं. मृतदेह तोवर वीस दिवस शवागारात होता.

संवाद-माध्यमांचं काम म्हणजे हेच. चर्चच्या कार्यक्रमाचे फोटो काढून अहवालात लावणं हा त्याचा सगळ्यात लहान भाग. ज्यांच्याबद्दल सगळे बोलतात त्यांना बोलू देणं, त्यांच्या भाषेत, त्यांच्या परवानगीने, हा मोठा भाग. तुम्ही घरात मराठी बोलता, बाजारात छत्तीसगढी, कॉलेजात हिंदी. दिल्लीच्या वार्ताहराकडे हे नाही. अर्जात इंग्रजी कच्चं आहे म्हणून खाली मान घालू नका, या तीन भाषा वर लिहा.

आता अर्ज करण्याआधी विचारायचे प्रश्न. वहीत उतरवून घ्या.

पैसे दरमहा मिळतात की आधी खर्च करून मग बिलं लावायची? ज्याच्या घरी मागे पैसा आहे त्याला दुसरी पद्धत चालते. आपल्याला खोलीचं भाडं पहिल्याच महिन्यात द्यायचं असतं.

फेलोशिपनंतर बंधन किती? मधेच सोडली तर पैसे परत मागतात का?

मजकुराखाली माझं नाव येणार का? तो मला दुसरीकडे छापता येईल का? मुक्ताच्या निबंधाखाली तिचं नाव नसतं, तर आज तिला कोण ओळखलं असतं?

चर्चमधल्या जातीवर लिहिता येईल का? 'नाही' म्हणाले तर तुम्हाला कळलं की ही जनसंपर्काची नोकरी आहे. गरज असेल तर ती जरूर करा, पण तिला पत्रकारिता म्हणू नका.

माझ्याकडून प्रार्थनेची, बाप्तिस्म्याची अपेक्षा आहे का? हे तोंडी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मुलगा चर्चमध्ये काम करू शकतो, आपला धम्म राखून.

पैसा परदेशी आहे का? परदेशी देणगीच्या कायद्यानुसार नोंदणीकृत वर्तमानपत्राच्या वार्ताहराला, स्तंभलेखकाला, संपादकाला परदेशी देणगी घ्यायला मनाई आहे. सोबत एखाद्या पेपरचं काम करत असाल तर आधी संस्थेच्या हिशेबनिसाला आणि एखाद्या वकिलाला विचारा. संस्थेची नोंदणी मधेच रद्द झाली तर तुमचे महिने कोण भरणार, हेही विचारा.

शेवटचं. इथून दल्ली-राजहरा दूर नाही. त्याच खाणींच्या लोखंडावर भिलाई चालते. १९८३ मध्ये तिथल्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या सोबतीने शहीद हॉस्पिटल उभं केलं, स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या मजुरीतून. नियोगींना १९९१ मध्ये याच भिलाईत गोळी घातली गेली. हॉस्पिटल चालू राहिलं, कारण ते कुणी दिलेलं नव्हतं. दवाखाना असा उभा राहू शकतो, तर एक पत्रक, एक चॅनल, चार भाषांतलं एक मासिक का नाही?

म्हणून फेलोशिप घ्या. कॅमेरा शिका, संपादन शिका, हिशेब शिका, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला शिका. वर्ष संपेल तेव्हा हातात फक्त प्रमाणपत्र नसावं. तुमच्यासारखे आणखी चार जण असावेत, दरमहा शंभर रुपये देणारी पन्नास घरं असावीत, आणि पहिल्या अंकासाठी एक बातमी असावी जी दुसऱ्या कुणी छापली नसती.

जय भीम.