धन्यावाचून आवाज

कर्ण्यापुढे कान लावून बसलेल्या कुत्र्याचे चित्र जुन्या तबकड्यांवर कोणी पाहिले नाही? 'हिज मास्टर्स व्हॉइस' या छापाचे इटालियन नाव 'ला व्होचे देल पाद्रोने', म्हणजे धन्याचा आवाज. सिसिलीचे गायक-गीतकार फ्रांको बात्तियातो यांनी १९८१ साली आपल्या 'न्यू वेव्ह' धर्तीच्या गीतसंग्रहास हेच नाव दिले. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. संग्रह काढणारी कंपनी ईएमआय, म्हणजे त्या कुत्र्याचीच धनीण!

याच सुमारास गोमंतकात एका गायकाने धन्यावाचून आवाज उठविला. बारदेशातील शिवोलीचे रेमो फर्नांडिस मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकलेले. स्वतः रचलेल्या त्यांच्या इंग्रजी गाण्यांना मुंबईच्या कंपन्यांनी दाद दिली नाही. तेव्हा १९८४ साली त्यांनी शिवोलीच्या घरीच 'गोवन क्रेझी' मुद्रित केला. शब्द, चाल, गायन, वादन सारे त्यांचेच. आणि कॅसेटी दुकानोदुकानी पोचविणारी स्कूटरही त्यांचीच.

हे साधले एका लहानशा यंत्रामुळे. कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे व दोन दुसऱ्या बाजूचे. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरते. एकावर गिटार वाजवावी, ती ऐकत दुसऱ्यावर गावे; तीन भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवावेत आणि मोकळ्या पट्ट्यांवर पुन्हा वाजवावे. मात्र प्रत्येक उतरवणीस फितीची खरखर वाढते, आणि एकत्र झालेले सूर पुन्हा सुटे करता येत नाहीत. चुकले ते चुकले. आज गोवंडीच्या एका खोलीत राहणारा मुलगाही मोबाइलवर याहून अधिक थर चढवितो आणि चूक पुसून टाकतो.

या एकट्याच्या हट्टामागे गोमंतकाची एक जुनी सलही जाणवते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीयांनी स्वरलेखन केले, वाद्यवृंद बांधले. पडद्यावर मात्र त्यांची नावे बारीक अक्षरांत, नाहीतर मुळीच नाहीत. रेमोंच्या कॅसेटवर वादक तोच आणि नावही त्याचेच.

इंग्रजी गाणे गोव्याबाहेर कोण ऐकणार, ही शंका रास्तच होती. १९८६ साली त्यांचा 'पॅक दॅट स्मॅक' आला. विषय होता हेरॉइनचे व्यसन, आणि तो काही एकट्या गोव्याचा नव्हता, पुण्यात डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांचे मुक्तांगण त्याच वर्षी उघडले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या 'जलवा' चित्रपटात रेमोंचा आवाज ऐकू आला, या वेळी हिंदीत.