साधा पिंगळा



२५ नोव्हेंबर १९९७. आपण बारावीच्या धावपळीत होतो, नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच होतं. त्या दिवशी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन पक्षी अभ्यासकांना रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर, म्हणजे ११३ वर्षांनी! त्यांनी फोटोही काढले. आपल्याला मात्र पत्ताच नव्हता.

आधीच्या शोधाची दिशा चुकली होती. माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर 'मांडवी, गुजरात, १९१४' अशी खोटी चिठ्ठी लावली होती. रासमुसेनबाईंनी ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या नोंदींमधली ठिकाणं धरली. त्यांत आपलं शहादं होतं! मी सॉफ्टवेअरवाली, कोड बरोबर आणि डेटाच चुकीचा असला की किती दिवस वाया जातात, ते मला विचारा.

आता माझी गोष्ट. गेल्या दिवाळीत तोरणमाळच्या वाटेवर भरदुपारी फांदीवर एक पिंगळा बसलेला दिसला. रानपिंगळा दिवसा शिकार करतो, एवढं वाचलेलं होतं. फोटो काढला आणि खाली 'रानपिंगळा' लिहून आपल्या ग्रुपवर टाकला. शंभर अंगठे आले. रात्री जीवशास्त्राच्या सरांचा फोन: "अगं, डोक्यावरचे ठिपके बघ. रानपिंगळ्याला इतके ठळक नसतात."

साधा पिंगळा होता. मी लगेच दुरुस्ती टाकली, पण तोवर फोटो चार ग्रुपांत फिरला होता. कुणाच्या मोबाइलमध्ये असेल, तर कृपया खालचं नाव बदला.