सशाच्या तळपायाला गादी नसते!

आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलतो.

आमचा ससा, कापूस, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात राहायचा. दुकानदार म्हणाला होता, "साफ करायला सोपं पडतं." पावसाळ्यात तो एका जागी बसून राहायला लागला. मला वाटलं, आळशी झालाय. उचलून बघितलं तर मागच्या दोन्ही टाचांचे केस गेलेले, कातडी लालभडक, एकीकडे खपली.

डॉक्टर म्हणाले, कुत्र्यामांजरासारखी सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसते दाट केस असतात. जाळी, टणक फरशी, ओलं अंथरूण, वाढलेलं वजन, लांब नखं... सगळ्याचा त्रास टाचेला. जखम चिघळली तर हाडापर्यंत जाते.

मग पिंजऱ्याला सपाट तळ केला, वर सुक्या गवताचा जाड थर. ओलं झालं की लगेच बदलायचं. औषध फक्त डॉक्टरांचंच. घरातलं अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या जिवावर बेतू शकतं.

बरं व्हायला दोन महिने लागले. आता दर रविवारी पाय तपासतो, महिन्याभरानं नखं कापतो.

ससा दुखतंय म्हणून ओरडत नाही हो. आज त्याचे तळपाय बघाच. आणि त्यानं खाणं सोडलं, तर उद्यावर ढकलू नका.

भेटू पुढच्या भागात!