काळ्या पाषाणाखालचे तांबे आणि कागदावरचे सोने



कसबा पेठेतील तांबट आळीतून आजही पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा ठोका ऐकू येतो. पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात येऊन वसलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. बंब, घंगाळ, हंडा, तांब्या या वस्तूंवर त्यांच्या हातचे मठारकाम उमटले आणि घरोघरी पोहोचले. मात्र ज्या धातूवर ही आळी पिढ्यान् पिढ्या जगली, तो धातू पुण्याच्या भूमीत कधीच निघाला नाही. तो नेहमी बाहेरून आला.

हे आजचेच आहे असे नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार सहाशे वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांचे गाव होते. त्या लोकांना तांबे ठाऊक होते, पण ते इतके दुर्मीळ होते की रोजच्या कामासाठी दगडाची पातीच वापरली जात. म्हणूनच त्या संस्कृतीला ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्याच नदीकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. एवढे तांबे महाराष्ट्राच्या पठारावर आले कोठून, हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांना दीर्घकाळ पडलेला आहे. ते आले हे खरे. येथे निघाले नाही, हेही तितकेच खरे.

का निघाले नाही, याचे उत्तर पुण्याच्या प्रत्येक टेकडीवर उघडे पडलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आज शिल्लक असलेला त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. या काळ्या पाषाणात तांबे मुळीच नाही असे कोणी समजू नये. एक टन बेसाल्टमध्ये शंभर-दोनशे ग्रॅम तांबे असतेच. परंतु तांब्याची खाण चालायची तर टनामागे साधारण पाच ते दहा किलो तांबे हवे. पर्वतीच्या टेकडीत तांबे आहे, असे विधान शास्त्रीयदृष्ट्या खोटे ठरणार नाही. पण ते ऐकून कोणी पैसे गुंतविले तर तो बुडेल. या एका उदाहरणात खनिज आणि धातुक यांच्यातला सगळा फरक येतो. जे खडकात आहे ते खनिज. जे खर्च भागवून काढता येते ते धातुक.

विखुरलेला धातू एकवटायला निसर्गाला एखादी यंत्रणा लागते. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी कीविनॉ येथेही लाव्हाचेच थर आहेत. मात्र तेथे ते खोल गाडले गेले, खालून तप्त पाणी फिरले, त्या पाण्याने खडकातील तांबे विरघळवून नेले आणि लाव्हाच्या पोकळ्यांत शुद्ध धातूच्या रूपात सोडले. सैबेरियात नोरिल्स्कला लाव्हारसाला वर येताना गंधकयुक्त थर भेटले आणि तांबे व निकेल खाली साचले. दख्खनच्या पोकळ्यांतूनही पाणी फिरले, पण त्याने तेथे झिओलाइटचे स्फटिक ठेवले. वाघोलीच्या दगडखाणीतील निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात आहे. पुण्याच्या वाट्याला सौंदर्य आले, धातू आला नाही.

धातू आला तो पूर्वेकडे. नागपूर ओलांडले की लाव्हाचे पांघरूण संपते आणि त्याहून कितीतरी पटींनी प्राचीन खडक उघडे होतात. नागपूर व भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर पुलर-परसोडी येथे तांब्याची नोंद आहे. कितारी, मरुपार आणि भिमसेन किल्ला पहाड या परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचा शोध घेतला. कोलारी-भावरी येथे जस्त आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना व दुबारपेठ ही नावे तांब्यासाठी भूवैज्ञानिकांच्या अहवालांत वारंवार येतात. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, एके काळच्या मध्य प्रांतातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड आहे. तेथे १९६९ च्या सुमारास आधुनिक शोध सुरू झाला आणि १९८२ मध्ये खाण चालू झाली. देशातील ही सर्वांत मोठी तांब्याची खाण. या दोन सनांमधले अंतर ध्यानात ठेवावे. सरकारी यंत्रणा, सरकारी पैसा आणि भरघोस साठा असूनही खडकापासून खाणीपर्यंत पोहोचायला सुमारे बारा-तेरा वर्षे गेली.

हा शोध घ्यायची विद्या या देशाला नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात खाणींच्या अध्यक्षाने कोणकोणत्या शास्त्रांत निपुण असावे ते सांगितले आहे, आणि त्यात तांब्याचे व अन्य धातूंचे शास्त्र आहे. जुनी खाण ओळखायची ती मळी, मूस, कोळसा आणि राख यांच्या खुणांवरून. नवी ओळखायची ती दगडाच्या रंगावरून, वजनावरून, वासावरून. राजस्थानातील झावर येथे जस्त गाळण्याच्या मातीच्या मुशींचे ढीग आजही पडलेले आहेत. रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या सोनखाणीत इंग्रज अभियंते उतरले, तेव्हा त्यांच्या आधीचे कोणी सहाशे फुटांहून खोल गेलेले होते. तेथील प्राचीन लाकडाचे वय सुमारे दोन हजार वर्षे निघाले. आजचा भूवैज्ञानिकही नव्या प्रदेशात गेला की आधी जुनी मळी शोधतो. पूर्वजांनी पाहिले तेथे पाहावे, हा या धंद्यात भावनेचा नव्हे, तर खर्च वाचविण्याचा भाग आहे.

त्यानंतरचे काम मात्र संथ आणि महागडे असते. प्रथम नकाशा. मग ओढ्यानाल्यांच्या गाळाचे नमुने, कारण डोंगरातला धातू कणाकणाने गाळात उतरतो. मग खडकात वीजप्रवाह सोडून खाली गंधकयुक्त धातुक आहे का याचा अंदाज. चर खणून शीर उघडी करणे. आणि सर्वांत शेवटी हिरकणीच्या दातांचे पोकळ वेधनयंत्र लावून जमिनीतून खडकाचा दंडगोल गाभा बाहेर काढणे. हा गाभा लांबीने दोन भागांत चिरतात. एक अर्धा प्रयोगशाळेत कस काढण्यासाठी जातो, दुसरा पेटीत जपून ठेवतात. सोन्याचा कस आजही मुशीत शिसे घालून, भट्टीत वितळवून काढला जातो. सराफाला ही रीत परकी वाटणार नाही. चांदीचे तर वेगळेच आहे. भारतात चांदीसाठी म्हणून खाण क्वचितच खणली जाते. बहुतेक चांदी राजस्थानातील शिसे-जस्ताच्या खाणींतून निघते. तांबे विजेने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो गाळ साचतो, त्यातही सोने-चांदी मिळते.

आता पेटीत ठेवलेल्या त्या अर्ध्या गाभ्याकडे वळू. १९९० च्या दशकात ब्रे-एक्स नावाच्या कॅनडियन कंपनीने बोर्निओच्या जंगलात बुसांग येथे जगातील एक महाप्रचंड सोन्याचा साठा सापडल्याचे जाहीर केले. समभाग आकाशाला भिडले, कंपनीचे बाजारमूल्य सहाशे कोटी कॅनडियन डॉलरच्या घरात गेले. मार्च १९९७ मध्ये कंपनीच्या भूवैज्ञानिकाचा हेलिकॉप्टरमधून पडून मृत्यू झाला, आणि मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा निष्कर्ष आला: सोने नाहीच. चुरा केलेल्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. त्यातले कण नदीतल्या सोन्यासारखे गोलसर होते, जे खडकातल्या सोन्याचे लक्षण नव्हे. आणि गाभा अर्धा राखण्याचा साधा नियमही तेथे पाळला गेला नव्हता. जवळजवळ सगळाच चुरडून टाकला होता. पडताळायला काही उरलेच नाही. कॅनडातील कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा पैसाही यात बुडाला. त्यानंतर २००१ मध्ये त्या देशाने नियम केला की खनिजसाठ्याचे आकडे जाहीर करताना त्यामागे पात्र व्यक्तीची सही हवी.

आपल्याकडे लबाडीची गरज पडली नाही, उत्साह पुरेसा ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र येथे तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी देशभर झळकली. भारत पुन्हा सोन्याची चिमणी होणार, अशा मथळ्यांनी वृत्तवाहिन्या दुमदुमल्या. २२ फेब्रुवारीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. साठा होता तो सुमारे ५२,८०६ टन धातुकाचा, आणि त्याची सरासरी प्रत टनामागे ३.०३ ग्रॅम. गुणाकार करून पाहावा: १६० किलो. धातुकाचे टन आणि सोन्याचे टन यांच्यातला फरक विचारायला कोणालाही सवड झाली नव्हती. तुलनेसाठी, कोलारच्या खाणींनी १८८० पासून सुमारे एकशेवीस वर्षांत, तीन किलोमीटरहून खोल जाऊन, जे सोने दिले ते आठशे टनांच्या आसपास आहे. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या, कारण उरलेले सोने काढायला लागणारा खर्च सोन्यापेक्षा जड झाला होता.

पुण्यातील पुष्कळ तरुण आता समभागांचे व्यवहार करतात. खनिजशोधाचे जाहीरनामे त्यांच्या हाती पडतात. ‘अमुक वेधनात चार मीटर जाडीवर टनामागे तीन ग्रॅम सोने’ असे त्यात असते. समजा, शीर ३०० मीटर लांब, १०० मीटर खोल आणि खरोखर दोन मीटर जाड आहे. खडकाचे वजन घनमीटरला २.७ टन धरले तर धातुक होते १ लाख ६२ हजार टन, आणि सोने ४८६ किलो. पण वेधन शिरेला तीस अंशांच्या कोनात तिरके छेदत गेले असेल तर दोन मीटरची शीर गाभ्यात चार मीटर दिसते. ती चार मीटर खरी मानली की सोने दुप्पट होते. कोणी खोटे बोललेले नसते. फक्त कोन सांगितलेला नसतो. शिवाय दोन वेधनांमध्ये शीर सलग आहे हे गृहीत धरलेले असते, आणि सोन्याच्या शिरा त्या बाबतीत फार लहरी असतात.

यात कायद्याचीही मोठी भूमिका आहे. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमात १९९९ साली प्राथमिक पाहणीच्या परवान्याची तरतूद आली. पाहणी, पूर्वेक्षण, खाणपट्टा अशी शिडी होती आणि वाटप मागणीनुसार होत असे. ते अपारदर्शक होते, त्यात गैरव्यवहार झाले, म्हणून २०१५ च्या सुधारणेने लिलाव आणला. हेतू योग्यच होता. परंतु तांबे-सोने ही खोलवरची, अनिश्चित खनिजे. शोध घेण्यात वर्षे आणि पैसा घालवायचा, आणि सापडल्यावर पट्टा लिलावात दुसऱ्याने घ्यायचा, तर शोधायला येईल कोण? जुन्या अर्जदारांचे प्रलंबित हक्क २०२१ च्या सुधारणेने संपुष्टात आले. अखेर २०२३ मध्ये सोने, चांदी, तांबे यांसह २९ खनिजांसाठी अन्वेषण परवाना आला. एक हजार चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र मिळते, तीन वर्षांनंतर त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठेवता येते, आणि पुढे पट्ट्याचा लिलाव झाला की त्याच्या अधिमूल्यात शोधकर्त्याला वाटा मिळतो. ही तरतूद आठ वर्षे उशिरा आली, असेच म्हणावे लागेल.

हा उशीर परवडणारा नाही. तुतिकोरिनचा तांबे शुद्धीकरण कारखाना प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनानंतर आणि पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर मे २०१८ मध्ये बंद झाला. शुद्ध तांबे निर्यात करणारा देश तेव्हापासून आयातदार झाला. वीज, रेल्वे, मोटारी, सारे तांब्यावर चालते. त्याच वेळी तुतिकोरिनचा दुसरा अर्थ चंद्रपूरच्या गावकऱ्यांनी लावला तर त्यांना दोष देता येणार नाही. कोळशाने तो जिल्हा आधीच पोखरला आहे, आणि ताडोबाचे वाघ त्याच जिल्ह्यातले. गंधकयुक्त तांबे-धातुकाचा ढीग पावसात उघडा राहिला तर त्यातून आम्लयुक्त पाणी झिरपते. हे रसायनशास्त्र आहे, अफवा नव्हे. वेधनाचे चार-सहा इंची भोक आणि उघडी खाण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे गावाला सांगायला कोणी जात नाही. यंत्र शिवारात उभे राहते आणि बातमी नंतर कळते. २०१५ च्याच सुधारणेने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली. त्यांचा पैसा खाणबाधितांसाठी आहे, पण तो खाण सुरू झाल्यानंतरचा. शोधाच्या वर्षांत गावाच्या हाती काहीच नसते, माहितीसुद्धा नाही.

ती मिळविण्याचा एक मार्ग मात्र आता खुला झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूविज्ञान विदा भांडार सुरू केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे, गाळाच्या नमुन्यांचे कस आणि अन्वेषणाचे अहवाल त्यावर ठेवले जात आहेत. ठाणेवासनाच्या सरपंचाला ते जसे पाहता येतील, तसे फर्ग्युसनच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही. अहवाल इंग्रजीत आहेत, भाषा रुक्ष आहे. पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाने त्यातले चंद्रपूर-नागपूरचे अहवाल मराठीत उतरवून त्या त्या ग्रामपंचायतीकडे पाठवायचे ठरविले, तर एका उन्हाळी सुट्टीत हे काम होण्याजोगे आहे.