भोवऱ्याचे काम



नदीतला भोवरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याची भीती वाटते, आणि वाटावीच. पण भोवरा लहान असला आणि हवा तिथेच उठवला, तर तो मोठ्या उपयोगाचा असतो. तो दोन कामे करतो. वेगवेगळे पाणी एकत्र मिसळतो आणि उष्णता इकडून तिकडे पोचवतो. आज आम्ही त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

पाणी वाहिले की आपोआप मिसळते, असे आपल्याला वाटते. तसे नाही, बरे का! १८८३ साली इंग्लंडात मँचेस्टर शहरी ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी हे तपासून पाहिले. काचेच्या नळीतून त्यांनी पाणी सोडले. नळीच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार धरली. पाणी सावकाश वाहत होते, तोवर रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ राहिली. शेजारच्या पाण्यात ती मिसळेना. मग पाण्याचा वेग वाढवला. तेव्हा काही अंतरावर तो दोरा तुटला, बारीक भोवरे उठले आणि पुढची सगळी नळी रंगून गेली.

जे रंगाचे, तेच उष्णतेचे. भांड्याला किंवा नळीला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्वस्थ असतो. हवेचेही तसेच. उष्णतेच्या वाटेत तो गोधडीसारखा आडवा येतो. गुऱ्हाळात रस दाट होऊ लागला, की ढवळणाऱ्याने हात थांबवून चालत नाही. थांबवला तर तळचा रस तिथेच बसतो आणि करपतो.

पण यंत्राच्या नळीत हात कसा घालणार? तिथे कारागिरांनी युक्ती काढली. नळीत पिळाची पट्टी बसवली, की पाणी गिरक्या घेत पुढे जाते. मोटारीच्या इंजिनाचे तापलेले पाणी निवावे म्हणून रेडिएटर असतो. त्याच्या नळ्यांना पातळ पत्रे जोडलेले असतात आणि त्यांमधून वारा जातो. पत्र्यांना बारीक तिरक्या चिरा पाडतात. त्यामुळे पत्र्याला चिकटलेला हवेचा थर जागोजागी तुटतो. काही यंत्रांत पत्र्यावर लहान तिकोनी पंख तिरके उभे करतात. त्यांच्यामागे दोरीच्या पिळासारखा भोवरा उठतो. तो पत्र्याजवळची गरम हवा उचलतो आणि तिच्या जागी थंड हवा आणतो.

मात्र हे फुकट होत नाही. अडथळा वाढला की पंख्याला आणि पंपाला जोर जास्त लावावा लागतो. म्हणून हे पंख भाजीतल्या मिठासारखे बेताचेच ठेवतात.

हे सारे सांगायचे कारण आपल्या न्हाणीघरात आहे. गरम पाणी हलके, गार पाणी जड. बादलीत गार पाणी असताना वरून कढत पाणी हळू ओतले, तर ते बरेचसे वरच राहते. आपण खोल हात घालून पाहतो आणि म्हणतो, “कोमट आहे.” तांब्या मात्र भरतो वरच्या पाण्याने! मोठा माणूस ओरडून बाजूला होईल. तान्हे मूल काय करणार? त्याची कातडी नाजूक, ती क्षणात भाजते.

म्हणून एवढे करा. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग कढत पाणी ओता. ओतताना मूल दूर, कोणाच्या तरी कडेवर असू द्या. तांब्याने पाणी तळापासून वरपर्यंत चांगले ढवळा. मग कोपर बुडवून पाहा. कोपराला कोमट लागले, तरच मुलाला न्हाऊ घाला.

ढवळायला दहा आकडे मोजण्याइतका वेळ लागतो. तेवढा वेळ घरोघरी निघावा, इतकेच आमचे सांगणे आहे.