खेळाचे यंत्र घ्यावे ते उघडे



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आमचा विषय जाहीर झाला तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "अहो, पोरांच्या व्हिडिओ गेमवर तासभर काय बोलणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु आज आपल्या शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही घरात डोकावून पाहावे, मूल मोबाइलच्या पडद्यावर खिळलेले दिसते. मूल खेळणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोणत्या यंत्रावर खेळणार आणि त्या यंत्राचा धनी कोण, हा खरा प्रश्न आहे.

म्हसोबाच्या यात्रेला आपण सगळेच गेलेलो आहोत. तेथे बैल घेणारा शेतकरी काय करतो? बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, खुरे पाहतो, चार पावले चालवून पाहतो. तोंड न उघडणारा बैल कोणी फुकटही घेणार नाही. पण तोच शेतकरी मुलासाठी यंत्र घेताना मात्र खोक्यावरचे चित्र पाहून पैसे मोजतो. त्या यंत्राचे तोंड कोणालाच उघडता येत नाही, हे त्याला घरी गेल्यावर कळते.

आम्हांला ते असेच कळले. आमच्या भाचीसाठी आम्ही हातात धरून खेळायचे एक यंत्र घेतले होते. दोन वर्षांत त्याची बॅटरी फुगली. दुरुस्तीला नेले तर कारागीर म्हणाला, "साहेब, हे चिकटवून बंद केलेले आहे. उघडले तर मोडेल. नवीनच घ्या." बॅटरी गेली तिचे दुःख नव्हते. त्या पोरीने दोन वर्षे खेळून जे जे साठवले होते ते यंत्राच्या पोटात होते, आणि बाहेर काढण्याची वाट बनवणाऱ्याने ठेवलीच नव्हती. ती रडली, आणि आम्हांला तिला सांगण्यासारखे काही सापडले नाही.

हे एकट्या आमच्याच वाट्याला आले असे नाही. सोनी कंपनीने आपल्या प्लेस्टेशन 3 या यंत्रावर लिनक्स ही प्रणाली बसवण्याची मुभा दिली होती. यंत्रे विकून झाल्यावर, 1 एप्रिल 2010 रोजी, तिने ती मुभा काढून घेतली. निन्टेन्डोने 27 मार्च 2023 रोजी आपल्या 3डीएस या यंत्राचे खेळांचे दुकान बंद केले; जे खेळ केवळ त्या दुकानातच मिळत, ते विकत घेण्याची सोय त्या दिवशी संपली. कंपन्यांनी बेकायदा काही केले असे आम्ही म्हणत नाही. वस्तू आपल्या हातात आणि किल्ली दुसऱ्याच्या, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे. तानसा आणि भातसा ज्यांच्या दारात आहेत आणि तरी उन्हाळ्यात जे टँकरची वाट पाहतात, त्या शहापूरकरांना हा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

मग उघडे यंत्र म्हणजे काय? ज्याची आज्ञावली, म्हणजे यंत्राला चालवणाऱ्या सूचनांची वही, कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते, ते यंत्र. इंग्रजीत याला ओपन सोर्स म्हणतात. दक्षिण कोरियात 2005 साली जीपी2एक्स नावाचे असे यंत्र निघाले. ते लिनक्सवर चाले, आणि त्यात किराणा दुकानात मिळणारे साधे दोन सेल घालावे लागत. पुढे अमेरिकेत आर्डुबॉय नावाचे यंत्र निघाले. ते एखाद्या बँकेच्या कार्डाएवढे, आणि त्यात आज्ञावलीसाठी जागा अवघी 32 किलोबाइट. आमचे हे व्याख्यान संगणकात उतरवले तर त्यातली निम्म्याच्या आसपास जागा खाईल! तेवढ्यात लोक अख्खे खेळ बसवतात. घरी बसून, हौसेने, कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून केलेल्या अशा खेळांना होमब्रू म्हणतात.

आणि हे सारे परदेशातलेच, असेही समजू नका. आपल्या मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाचे लहानसे गाव आहे. 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 साली तेथील प्राथमिक शाळेत झाला. एक्सओ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्र नीट पाहिले तर गंमत दिसते. त्याचा पडदा फिरवून मिटला की हातात धरून खेळायचे यंत्र तयार होई. पडद्याच्या दोन्ही बाजूंना खेळाची बटणे होती. पडदा भर उन्हातही वाचता येई. आज्ञावली खुली, आणि ती उघडून पाहण्याची सोय कळफलकावरच. या योजनेसाठी सिमसिटी हा 1989 सालचा गाजलेला शहर वसवण्याचा खेळ कंपनीने दिला, आणि 2008 साली त्याची आज्ञावली मायक्रोपोलिस या नावाने सर्वांना खुली झाली. जुना खेळ नुसता खेळायला नव्हे, तर उघडून शिकायलाही मिळाला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो लॅपटॉप शंभर डॉलरांचा म्हणून गाजला; प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट किंमत पडली. भारत सरकारने 2006 सालीच या योजनेला नकार दिला होता. पेरू देशात अशी यंत्रे मोठ्या संख्येने वाटली गेली, आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या भाषा-गणिताच्या गुणांत काही वाढ आढळली नाही. तेव्हा यंत्र हाती दिले की मूल हुशार झाले, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. उघडी वही समोर असून उपयोग नाही. ती वाचायला शिकवणारे कोणीतरी शेजारी बसावे लागते.

कोणी विचारील, "मोबाइल घरात असताना हा वेगळा खर्च कशाला?" त्याचे उत्तर असे. मोबाइलवरचे पुष्कळसे फुकट खेळ फुकट नसतात. जाहिरात पाहा, पैसे भरा, पुन्हा या, असा त्यांचा तगादा असतो. उघड्या यंत्रावरच्या जुन्या धाटणीच्या खेळाला आरंभ असतो आणि शेवट असतो. त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून माळशेजच्या पायथ्याशी रेंज नसलेल्या पाड्यावरही तो चालतो. खेळ आणि साठवण निराळ्या कार्डावर राहते, म्हणून यंत्र बिघडले तरी ठेवा जात नाही.

मात्र घेताना विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी पेचकसाने बदलता येते का? आज्ञावली खरोखर प्रसिद्ध केलेली आहे, की नुसते नाव आहे? आणि आत भरून दिलेले हजारो खेळ कोणाच्या परवानगीने दिले आहेत? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. खेळ जुना झाला म्हणून तो बेवारस होत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण संगणकाच्या आज्ञावलीलाही आहे. चोरीचा माल मुलाच्या हाती देऊन त्याला स्वातंत्र्य शिकवता येणार नाही. कर्त्यांनी आपणहून खुले केलेले खेळ पुष्कळ आहेत; ते घ्यावेत.

आमच्या भाचीचे सांगून संपवतो. दुसऱ्या खेपेस आम्ही उघडे यंत्र आणले. पहिले काही महिने तिने इतरांचे खेळ खेळले, मग त्यांचे रंग बदलले, मग बाहुल्या बदलल्या. गेल्या मे महिन्यात तिने स्वतःचा एक खेळ केला. त्यात एक बाई डोक्यावर हंडा घेऊन चढण चढते. धावली तर पाणी सांडते, रेंगाळली तर टँकर निघून जातो. खेळ ओबडधोबड आहे. पण तिच्या आजीने चष्मा लावून तो हातात घेतला, तीनदा हरली, आणि म्हणाली, "अगं, वळणावर हंडा या हातावर घेतात. एवढं ठाऊक नाही होय तुला?" पोरीने त्याच रात्री आज्ञावली उघडली आणि आजीची दुरुस्ती खेळात घातली.

बंद यंत्रावर आजीला खेळता आले असते. दुरुस्ती सुचवता आली नसती. आमच्या मते उघडे यंत्र घेण्याचे याहून मोठे कारण नाही.