पोटाचं दुखणं आपल्याच तोंडून
(गटाच्या मासिक बैठकीतलं भाषण)

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत पाळीवर, गुडघ्यांवर आपण भरभरून बोललो. पोटाचा विषय निघाला तेव्हा मात्र 'गॅसेस होतात' म्हणून सगळ्या गप्प! वर्षभराचं दुखणं एवढ्या एका शब्दात गुंडाळलं तर पोटविकारतज्ज्ञ तरी काय करणार? पहिल्या भेटीत वेळ थोडा. त्यात बरोबर आलेला नवराच सांगतो, "हिला टेन्शन फार." संपलं.

म्हणून जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. काय खाल्लं, दुखलं कुठे, बरगड्यांखाली की बेंबीखाली? संडासला किती वेळा, घट्ट की पातळ, रंग कसा? लाजू नका. डांबरासारखी काळी शौच म्हणजे जठरात रक्तस्राव असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. म्हणून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या, अंगदुखीच्यासुद्धा. त्या सतत घेतल्या तर जठरात व्रण होऊ शकतो.

पाळीच्या तारखा लिहा. दर पाळीत संडासला दुखत असेल तर मूळ एंडोमेट्रिओसिसमध्ये असू शकतं. आणि कामाच्या जागी संडास नाही म्हणून आपण पाणी कमी पितो, दाबून ठेवतो, हेही सांगायचं. बद्धकोष्ठ वाढायला तेही कारण आहे, आणि पुरुष डॉक्टरला ते सुचेलच असं नाही.

पोळी मनानेच बंद करू नका. सीलिअॅकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच भरवशाची असते.

शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, गिळताना अडकणं, दुखण्याने झोपमोड, हे पहिल्या वाक्यातच सांगा. रक्ताची उलटी झाली किंवा काळ्या शौचाबरोबर चक्कर आली, तर तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

गुदद्वारातून तपासणी करावी लागू शकते. कारण विचारा; नको असेल तर नाही म्हणता येतं. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं हा आपला हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. बरोबर मैत्रीण न्या, पण बोलायचं आपण. तिने फक्त लिहून घ्यायचं.

उठण्यापूर्वी विचारा: तपासणी कशासाठी, खर्च किती, उपाशी यायचं का?

वह्या मागच्या टेबलावर आहेत. जाताना एकेक घ्या.